अंगरख्याचं अस्तर

दरवर्षी परीक्षेत हाच प्रश्न येतो: शोकनायकाच्या स्थानाचा आणि मनःस्थितीचा दुय्यम पात्रांवर होणारा परिणाम सोदाहरण स्पष्ट करा. बेळगावच्या एका कॉलेजात मी नाटक शिकवते, त्यामुळे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर येऊन पडतो. मुलं गाईडमधून उतरवतात, "दुय्यम पात्रांमुळे नायकाचे दुःख अधिक गडद होते." दहापैकी सात मार्क. मीही मुकाट्यानं देते, कारण आदर्श उत्तरात तेच आहे आणि ते आदर्श उत्तर मीच कधीतरी तयार करून दिलेलं आहे. फक्त 'सोदाहरण' या शब्दापाशी मला दरवेळी हसू येतं. माझं उदाहरण आमच्या घरात खुंटीला टांगलेलं असायचं.

आमचं गाव निपाणीहून बोरगावकडे जाताना लागतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तिथं नाटक होतं आणि दरवर्षी तेच नाटक होतं. गावातल्याच कुणा ड्रॉइंगच्या मास्तरांनी माझ्या आजोबांच्या काळात ते लिहिलं. कुठल्याही इतिहासात नसलेल्या राज्याचा एक राजा, त्याचा हट्ट, त्या हट्टापायी रणात गेलेला युवराज, मग राजाचा पश्चात्ताप आणि चांगलं पाऊण तासाचं मरण. पूर्वी हे रात्रभर चालायचं म्हणतात. हल्ली लाउडस्पीकरच्या नियमामुळे दुपारी तीनलाच पडदा वर जातो. राजा प्राण सोडत असतो तेव्हा शेजारच्या गाड्यावर गरम भजी निघत असतात, आणि लोक दोन्हीकडे लक्ष ठेवून असतात.

या नाटकात भूमिका माणसाला मिळत नाही, घराला मिळते. पालखीला पहिला खांदा कुणाचा हे जसं ठरलेलं, तसंच हे. राजाचा मान सरकारांच्या घराकडे. सरकार म्हणजे गावचे जुने इनामदार. इनाम कधीच गेलं, उरलेली जमीन भाऊबंदकीत गेली, पण लोक सरकार म्हणतात आणि तेही 'ओ' देतात. सेनापती त्यांच्या घरचे जावई. युवराज त्यांचा मुलगा. आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी युवराज पडल्याची बातमी घेऊन येणारा दूत आमच्या घरातला. का, ते गावात कुणी बोलून दाखवत नाही. आसपासच्या गावांना मयताची वर्दी पोचवायचं काम माझ्या पणज्याच्या गळ्यात होतं. गावानं नाटक बसवलं तेव्हा दूत कुणाच्या घरचा घ्यायचा, यावर कुणी अर्धा मिनिटही डोकं खाजवलं नसणार. पुढं आमच्या वस्तीत विहार झाला, पोरं इंजिनिअर झाली, नर्स झाल्या, मी प्राध्यापक झाले. दूत तेवढा आमच्याकडेच राहिला.

माझे वडील, आप्पा, सरकारी बसचे कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं उभं राहून थांब्याचं नाव पुकारलं की शेवटच्या सीटवरचं झोपलेलं माणूस उठून उतरायचं. तोच आवाज ते दूताला द्यायचे. विहारातल्या तरुण पोरांनी त्यांना दहादा सुनावलं, "आप्पा, आमच्या पणज्यानं वर्दी टाकली न् तुम्ही स्टेजवर जाऊन तीच करताय." आप्पा म्हणायचे, "वर्दी न्हाय रं ती. भूमिका हाय." पोरं हसायची. खरं सांगायचं तर मलाही त्यांची लाज वाटायची.

दूताचं बोलणं आठ वाक्यांचं. तो धावत येतो, हात जोडतो आणि सुरू करतो, "घोडा आला, महाराज. घोडा एकटाच आला." बोलणं संपलं की सरकार दोन पावलं पुढं यायचे आणि आप्पांच्या कमरेत लाथ घालायचे. खोटी नव्हे. आप्पा पालथे पडायचे, मांडव शिट्ट्यांनी भरून जायचा, आणि मग सरकार छाती पिटून पुत्रशोक करायचे. लहानपणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीसुद्धा हसले होते. शेजारच्या बायका हसत होत्या म्हणून हसले, आणि आईकडे पाहिलं तर ती हसत नव्हती.

लाथ दरवर्षी असायची, जोर मात्र दरवर्षी वेगळा. तो सरकारांच्या मूडवर. सरकारांना स्वतःबद्दल फार वर्षांपासून एक समज आहे, की आपल्या घराण्याला शाप आहे आणि आपण तो भोगतो आहोत. ग्रामपंचायत हरले, शाप. तालुका पंचायत हरले, शाप. बोअरला पाणी लागलं नाही, तेही शापातच जमा. बाकीच्या गावाचेही बोअर कोरडे गेले, पण त्या लोकांना शाप परवडत नाही. एवढा मोठा दुःखी माणूस घरात असला की बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्या स्वयंपाकीणबाईनं भाकरी थापताना आवाज करायचा नाही. ड्रायव्हरनं आरशात बघायचं नाही. सरकार उदास असले की वाड्यातली माणसं दबकत चालायची, आणि सरकार खूश असले तरीही दबकतच चालायची, कारण खुशी किती वेळ टिकेल याचा नेम नव्हता.

आई हे सगळं दूध डेअरीच्या रांगेत गोळा करायची. स्वयंपाकीणबाई किटली घेऊन तिथंच यायच्या. "काल ताट भिरकावलं बघ." "आज दोन दिस झालं, कुणासंगं बोलत न्हाईत." आई ऐकून घ्यायची, घरी यायची, आणि जत्रेच्या आदल्या आठवड्यात आप्पांचा दूताचा अंगरखा खुंटीवरून काढायची. कमरेच्या जागी आतून ती जुन्या लुगड्याचे पदर घालून शिवायची, वाकळेला घालतात तसा दाट धावदोरा. साधारण वर्षी दोन पदर. निवडणूक हरलेल्या वर्षी चार. तालुका पंचायत गेली त्या वर्षी सहा पदर होते आणि गाव म्हणालं, कंडक्टर सुटलाय रं लई. मी कॉलेजात शोकनायकाच्या मनःस्थितीवर बोलते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ही सुई असते. नायकाच्या मनात काय चाललंय, ते आईइतकं बारकाईनं कुठल्याही टीकाकारानं वाचलं नसेल, आणि तिला नाटकातलं काहीएक कळत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. बेळगावात माझ्याकडेच होते दोन महिने. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बजावलं, "पडायचं नाही. कमरेला धक्का बसला तर परत उभे राहाल याची हमी मी देणार नाही." आप्पांनी मान डोलावली. घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "जत्रा कधी गं यंदा?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, सोडा आता. ते म्हणाले, "लाथ त्येची हाय, पर बातमी माझी हाय. मी सांगितल्याबिगार त्येचं पोरगं मरत न्हाय." असल्या बोलण्याचा मला राग येतो. ज्या माणसानं तीस वर्षं तुमची कंबर तुडवली त्याच्या नाटकाला तुम्हीच टेकू देताय, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी वर न बघता कमरेचा पट्टा आवळून घेतला. आई भांडी घासत होती, तिनंही मान वर केली नाही.

त्यात ते वर्ष नेमकं वाईट. सरकारांच्या मुलानं बंगळूरहून फोन करून कळवलं की तो युवराज करायला येणार नाही, यंदाही नाही आणि पुढंही नाही. नोकरी आहे, आणि शिवाय त्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. युवराज चुलतभावाच्या मुलाला द्यावा लागला. सरकारांनी जेवण सोडलं, दाढी सोडली, ओसरीवर येऊन बसायचं सोडलं. डेअरीच्या रांगेतून बातमी आली की असं कधीच झालं नव्हतं. पुत्रशोक म्हणे. पोरगा बंगळुरात धडधाकट आहे, सुट्टीला गोव्याला जातो, फोटो टाकतो. पण बापाला प्रजेसमोर शोक करायचा होता आणि मुलानं मरायला नकार दिला होता, हे दुःख काही लहान नव्हे.

मी गावी गेले आणि मास्तरांच्या नातवाकडून नाटकाची मूळ वही मागून घेतली. शाईनं लिहिलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दूताच्या बोलण्यानंतर कंसात स्पष्ट लिहिलं होतं: राजा दूताकडे पाहत राहतो. एवढंच. लाथ सरकारांच्या वडिलांनी घुसडलेली होती, हे नातवानंच सांगितलं. उलट चार पानं पुढं सेनापतीबद्दल लिहिलं होतं: राजा त्यास ढकलून देतो. तीस वर्षांत सेनापतीला कुणी ढकललेलं मी पाहिलं नव्हतं. सरकार त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे.

वही घेऊन मी वाड्यावर गेले. सरकारांनी मला खुर्ची दिली, मॅडम म्हणाले आणि चहा मागवला. चहा कागदी कपात आला. कागदी कपानं आमच्या भागातल्या कितीतरी घरांची मोठी अडचण दूर केली आहे. कप कुणाचा, कुठं ठेवायचा, कुणी धुवायचा, काही प्रश्नच नाही. सरकार स्वतः मात्र काचेच्या ग्लासातून पीत होते.

मी ऑपरेशनचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, वहीतलं पान उघडून दाखवलं. म्हटलं, "नुसतं पाहा त्यांच्याकडे. मास्तरांनी तेच लिहिलंय."

सरकारांनी डोळे मिटले. दाढी वाढलेला तो चेहरा त्यांनी खिडकीकडं वळवला, उजेड कुठून येतो ते त्यांना नीट ठाऊक होतं. "मॅडम, त्या टायमाला मी मी नसतोय. अंगात राजा असतोय. हात उचलला का पाय उचलला, माझं मला कळत न्हाय."

"मग सेनापतींना ढकलायचं राहून जातं, ते?"

"ते आमचं पावणं हाईत की."

एवढं अंगात येऊनही पायाला जावई कोण आणि कंडक्टर कोण ते अचूक कळत होतं. मी कप तिथंच जमिनीवर ठेवला आणि उठले. जाताना त्यांनी मागून विचारलं, "आप्पा येणार न्हवं? त्यास्नी म्हणावं, राजाचं कायबी चुकत असलं तरी मान तुमचाच हाय." आवाज स्टेजवरचा होता. मला त्या क्षणी त्यांची जी किळस आली ती आजही तशीच आहे.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, यंदा आठ पदर घाल, नाहीतर उशीच बांध. आई उठली. अंगरखा घेऊन परसदारी बसली आणि तासभर कातरीचा आवाज येत राहिला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा तोंडाला रंग लावून बसले होते. आईनं अंगरखा दिला. त्यांनी तो हातात घेतला आणि थबकले. कमरेपाशी चाचपून पाहिलं. नुसतं एकेरी कापड.

"अस्तर कुठाय?"

"काढलं."

"काढलं? आगं, आज त्येचं डोस्कं फिरलंय, तुला ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. म्हणूनच काढलं," आई म्हणाली. "इतकी वर्सं मी शिवत गेली न् तुम्ही जात गेलासा. आता माझ्याच्यानं व्हत न्हाय. जायचं तर असंच जावा."

मी आईवर ओरडले. वेड लागलंय का तुला, त्यांचा पाठीचा कणा आहे तो. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, ती आप्पांकडं बघत होती. आप्पांनी अंगरखा घातला. बंदाची गाठ दोनदा सुटली. मी त्यांना पहिल्यांदाच भ्यालेलं पाहिलं. आजवर भीती त्यांच्या वाटणीची आईच शिवून टाकत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी आणि आई बायकांच्या बाजूला पुढं बसलो. दुसरा अंक संपत आला. सरकार सिंहासनापुढं फेऱ्या घालत होते, वाढलेल्या दाढीतून घाम गळत होता आणि रंग ओघळून गळ्यापर्यंत आला होता. लोक म्हणत होते, यंदा काय रंगलाय गडी. आई पदर तोंडात धरून बसली होती.

आप्पा आले. पळत नाही, चालत आले. आणि विंगेपासून दोन पावलांवरच उभे राहिले. तिथूनच त्यांनी हात जोडले आणि आठ वाक्यं म्हटली, थांबे पुकारायच्या आवाजात, मागच्या भजीवाल्यापर्यंत. सरकार लाथेसाठी पुढं सरकले आणि त्यांच्या लक्षात आलं की दूत पार स्टेजच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथवर चालत जाऊन लाथ मारायची तर सात-आठ पावलं टाकावी लागणार, आणि क्रोधानं बेभान झालेला राजा सात-आठ पावलं चालत जाऊन लाथ मारत नाही, एवढं नाटक त्यांनाही कळत होतं.

"जवळ ये," सरकार गरजले. हे वहीत नव्हतं.

"नको महाराज," आप्पा म्हणाले. "आवाज पोचतोय माझा."

मागून कुणीतरी ओरडलं, "हिकडं बी पोचतोय!" आणि अख्खा मांडव हसला. सरकारांनी इकडंतिकडं पाहिलं. सेनापती हळूच सिंहासनाच्या मागं सरकले. लाथ मारल्याशिवाय सरकारांना पुढचं वाक्य आठवेना. प्रॉम्प्टरनं तीनदा सांगितलं, ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं, फक्त राजाला गेलं नाही. शेवटी पडदा पाडावा लागला. तिसऱ्या अंकात ते मेले, पण पाच मिनिटांत मेले.

आप्पा विंगेतून बाहेर आले तेव्हा विहारातली पोरं त्यांना खांद्यावर घ्यायला निघाली होती. मी आडवी गेले, कंबर आहे रे म्हणून. मला वाटलं, जिंकलो.

पुढल्या वर्षी तालमीचा नारळ फुटायच्या आधी वाड्यावरचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. यंदापासून दूत नाही. युवराजाची बातमी खलित्यानं येणार, सरकार स्वतः वाचणार. निरोप सांगताना बिचारा आमच्या उंबऱ्याकडं बघत होता. मी बेळगावहून पेढे आणले. आप्पांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. जत्रा जवळ आली तसे ते जेवेनासे झाले. त्यांना तिथं राहून ऐकावं लागू नये म्हणून मी दोघांनाही माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मनात म्हटलं, आता हेही दाढी वाढवणार की काय. इतकी तुच्छता मी बापाबद्दलही बाळगत होते, हे लिहून ठेवते.

त्या दुपारी आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी पेपर तपासत होते. आप्पा घड्याळाकडं बघून म्हणाले, "आता दुसरा अंक सरत आला आसंल." आणि उठले. फ्रीजपाशी उभे राहून हात जोडले. आवाज मात्र त्यांनी बेतानं लावला, शेजारच्या बिऱ्हाडाला त्रास नको म्हणून.

"घोडा आला, महाराज. घोडा एकटाच आला. त्यानं वेस ओळखली, पागा ओळखली, पाण्याची डोणी ओळखली. पाण्याला तोंड मात्र लावलं नाही. खोगिरावर युवराजांची शाल तेवढी आहे. लोक वेशीत उभे आहेत आणि आपल्याकडं यायला कुणी धजत नाही. म्हणून मी पळत आलो. आपल्याला हे परक्याकडून कळू नये."

मेथीवरचा आईचा हात थांबला होता. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"आता गं काय झालं?" आप्पा गोंधळले. "तीस वर्सं ऐकतीस की हे."

"कुठलं ऐकलंय," आई म्हणाली. "माझं समदं ध्यान त्येच्या पायाकडं असायचं. तुम्ही काय बोलतासा ते मी आज ऐकलं."

माझ्या हातात लाल पेन तसंच राहिलं. मीही ऐकलं नव्हतं. मी तर हसले होते.

आप्पांनी अंगातला सदरा सारखा केला. मग म्हणाले, "परत म्हणू?"

"म्हणा," आई म्हणाली, आणि मेथीची जुडी बाजूला सारून नीट बसली.

आप्पा दारापर्यंत मागं गेले आणि तिथून, पाठीला जमेल तेवढं, पळत आले.